परदेशी शिक्षणाला निघताना : आधी तब्येतीची फाईल

परळच्या चाळीत राहणारे बाबासाहेब 1913 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती त्यांच्या पाठीशी होती. 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. त्या दिवसांत सकाळी पावाचा तुकडा आणि रात्री ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून, कपभर दुधाबरोबर खाऊन ते अभ्यास करीत, असे धनंजय कीर यांच्या चरित्रात वाचायला मिळते.

आज नायगाव, वरळी, परळ, लालबागच्या चाळींतून मुले-मुली राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर किंवा केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपवर परदेशी जात आहेत. जातवैधता, उत्पन्नाचा दाखला, आयईएल्टीएस, विद्यापीठाचे पत्र यांसाठी घरातले सगळे धावतात. तब्येतीचा विचार मात्र शेवटच्या आठवड्यात होतो. व्हिसाच्या तपासणीत छातीच्या एक्स-रेवर एक डाग दिसला तर पुढच्या चाचणीला दोन महिने लागू शकतात. तोवर वर्ग सुरू झालेले असतात. म्हणून विमानाच्या तारखेआधी सहा महिने तब्येतीची एक वेगळी फाईल उघडावी.

क्षयरोगाची तपासणी

भारतातून सहा महिन्यांहून अधिक काळासाठी ब्रिटनला जाणाऱ्यास क्षयरोग नसल्याचे प्रमाणपत्र लागते. ते ब्रिटिश सरकारने मान्य केलेल्या तपासणी केंद्राचेच चालते. केईएम किंवा जे.जे.मधला एक्स-रे उपचारासाठी उत्तम असला तरी व्हिसासाठी चालत नाही. मान्य केंद्रांची यादी त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर असते, तीच पाहावी. एजंटाच्या तोंडी माहितीवर जाऊ नये. प्रमाणपत्र सहा महिने चालते, म्हणून ते फार आधीही काढू नये. कॅनडा व ऑस्ट्रेलियासाठी त्या-त्या सरकारने नेमलेल्या डॉक्टरांकडे तपासणी होते.

एक्स-रेमध्ये शंका आली तर थुंकीचे नमुने घेतात व कल्चर लावतात. क्षयाचा जंतू सावकाश वाढतो, म्हणून अहवालाला आठ आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. तिथे कोणाची ओळख किंवा घाई कामी येत नाही.

आपल्या वस्तीत दहा बाय बाराच्या खोलीत सहा-सात माणसे राहतात. घरात किंवा शेजारी कोणाला टीबी झाला असेल, तर ते लपवण्यासारखे काही नाही. हवा खेळत नाही तिथे हा आजार पसरतो. त्यात कोणाच्या चारित्र्याचा किंवा कुळाचा संबंध नाही. पूर्वी टीबी होऊन बरा झाला असेल तरी फुप्फुसावर व्रण राहू शकतो आणि तो एक्स-रेवर दिसतो. अशा विद्यार्थ्याने जुने एक्स-रे, औषधांचे कार्ड आणि उपचार पूर्ण झाल्याचा दाखला सोबत न्यावा. जुना आणि नवा एक्स-रे शेजारी ठेवला की डॉक्टरांचे काम सोपे होते.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणे यांपैकी काही असेल तर व्हिसाच्या तारखेची वाट पाहू नये. जवळच्या पालिका दवाखान्यात किंवा केईएमच्या ओपीडीत लगेच दाखवावे. आजार निघालाच तर औषधे सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात. औषधांना दाद देणाऱ्या साध्या टीबीचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. विद्यापीठाला कळवून प्रवेश पुढच्या सत्रात मिळेल का, आणि समाजकल्याण कार्यालयाला कळवून शिष्यवृत्ती राखता येईल का, हे लेखी विचारावे. लवकर कळवले तर मार्ग निघण्याची आशा असते. गोळ्या मध्येच सोडून विमानात बसणे मात्र स्वतःच्या आणि सोबत राहणाऱ्यांच्याही जिवाशी खेळ आहे.

लसींचा हिशेब

अमेरिकेतली बहुतेक विद्यापीठे लसींचा लेखी पुरावा मागतात. न्यूयॉर्क राज्यात तर गोवर, गालगुंड व रुबेला यांचा पुरावा कायद्यानेच लागतो. इथे आपल्या मुलांची अडचण होते. आपल्या सरकारी लसीकरणात गालगुंडाची लस नाही, कांजिण्यांची नाही. गोवराचा दुसरा डोसही 2010 नंतर आला. महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम 2018 च्या अखेरीस झाली, पण ती पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी होती. म्हणजे आज जे एम.ए., एम.एस. करायला निघाले आहेत, त्यांच्यातल्या अनेकांचे डोस अपुरे असू शकतात.

आईने जपलेले लसीकरणाचे कार्ड शोधावे. ते गावच्या ट्रंकेत असेल तर मागवून घ्यावे. कार्ड नसेल तर दोन मार्ग आहेत : लस पुन्हा घेणे, किंवा रक्ताच्या तपासणीने अंगात प्रतिकारशक्ती आहे हे दाखवणे. एमएमआरच्या दोन डोसांत किमान 28 दिवसांचे अंतर लागते. कावीळ-बीचे तीन डोस पूर्ण व्हायला साधारण सहा महिने जातात. मेंदूज्वराची एसीडब्ल्यूवाय लस व धनुर्वाताचा बूस्टर यांबद्दल विद्यापीठाचा फॉर्म वाचावा. फॉर्मवर डॉक्टरांची सही, शिक्का आणि प्रत्येक डोसची तारीख हवी.

आणखी एक गोष्ट. लहानपणी बीसीजी घेतलेल्यांची हातावरची टीबीची चाचणी, म्हणजे मँटू, आजार नसतानाही फुगू शकते. इग्रा ही रक्ताची चाचणी बीसीजीमुळे फसत नाही. विद्यापीठ पर्याय देत असेल तर इग्रा करावी.

रक्त, दात, डोळे

ज्यांचे मूळ गाव विदर्भात आहे, त्यांनी सिकलसेलची तपासणी जरूर करावी. आपल्या समाजात तिथे हा आजार आढळतो. अंगात पाणी कमी होणे आणि कडक थंडी यांनी सिकलसेलच्या रुग्णाला असह्य कळा येऊ शकतात. लांबचा विमान प्रवास व तिकडचा हिवाळा या दोन्हींत हे घडू शकते. रुग्ण असला म्हणून शिक्षण अडत नाही, पण तिथल्या डॉक्टरला पहिल्या दिवसापासून माहीत असायला हवे. ज्याला फक्त वाहक म्हणतात तो सहसा निरोगी असतो, त्याने घाबरू नये.

मुलींनी हिमोग्लोबिन तपासावे. ते 12 च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या इथूनच सुरू कराव्यात. दातांची कामे निघण्यापूर्वी उरकावीत, कारण परदेशी विद्यार्थ्यांच्या विम्यात दात आणि चष्मा बहुधा धरलेले नसतात. मुंबई सेंट्रलच्या नायर दंत रुग्णालयात ही कामे कमी खर्चात होतात. चष्म्याच्या दोन जोड्या आणि नंबरचा कागद जवळ ठेवावा.

विमा समजून घ्यावा

ब्रिटनच्या व्हिसासोबत विद्यार्थ्याला वर्षाला 776 पौंड आरोग्य अधिभार भरावा लागतो. तो भरला की तिथली सरकारी आरोग्यसेवा मिळते. पण त्यासाठी पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात राहत्या भागातल्या डॉक्टरकडे नाव नोंदवावे. आजारी पडल्यावर नोंदणी करायला जाऊ नये. अमेरिकेत विमा असूनही सुरुवातीची ठरावीक रक्कम आपल्या खिशातून जाते. ती किती, आणि कुठल्या दवाखान्यात गेलो तर कमी लागते, हे आधी वाचावे. ऑस्ट्रेलियात विद्यार्थी व्हिसासाठी विमा सक्तीचा आहे. शिष्यवृत्तीच्या आदेशात विम्याचा हप्ता कोण भरणार, हेही पाहून घ्यावे.

औषधे आणि डबा

नेहमीची औषधे मूळ वेष्टनात, हातातल्या बॅगेत न्यावीत. सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी असावी आणि तिच्यात ब्रँडऐवजी औषधाचे मूळ नाव असावे. झोपेच्या आणि तीव्र वेदनेच्या काही गोळ्यांवर अनेक देशांत बंधने आहेत. जपान आणि आखाती देशांत हे नियम फार कडक आहेत.

लालबागच्या मिरची गल्लीतला मसाला न्यावा, तो मोठ्या बॅगेत ठेवावा. तूप, खवा, मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. ऑस्ट्रेलियात खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करावी. निघण्याआधी भात, वरण, अंडी, एक भाजी एवढे मुलालाही करता आले पाहिजे. इंग्लंडच्या हिवाळ्यात ऊन फार कमी मिळते. सावळ्या त्वचेच्या माणसांनी ड जीवनसत्त्वाची रोज 10 मायक्रोग्रॅमची गोळी वर्षभर घेण्याचा विचार करावा, असा तिथल्या आरोग्यसेवेचाच सल्ला आहे.

मन

पहिले तीन महिने एकटेपणाचे जातात. झोप उडणे, जेवण नकोसे होणे, वर्गाला दांडी मारणे दोन आठवडे चालले तर विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जावे. ही सेवा बहुधा विनाशुल्क असते आणि बोललेले गुप्त राहते. आपल्याच देशातली मंडळी तिथेही आडनाव विचारून अंतर ठेवतात, असा अनुभव येऊ शकतो. तो मनात साठवू नये. अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठाने 2019 मध्ये आणि कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने 2022 मध्ये भेदभावाविरुद्धच्या धोरणात जातीचा समावेश केला आहे. आपल्या विद्यापीठाचे धोरण वाचून ठेवावे.

सहा महिन्यांचे वेळापत्रक (सप्टेंबरच्या प्रवेशासाठी)

1. मार्च : लसीकरण कार्ड, जुने रिपोर्ट शोधणे, रक्ततपासणी, कावीळ-बीचा पहिला डोस. खोकला किंवा घरात टीबी असल्यास छातीची तपासणी.
2. एप्रिल-मे : एमएमआरचे दोन डोस, दात, डोळे.
3. मे-जून : व्हिसासाठी मान्य केंद्रात तपासणी.
4. जुलै : विमा, विद्यापीठाचे आरोग्य फॉर्म.
5. ऑगस्ट : औषधे, चिठ्ठ्या, फाईलच्या दोन प्रती, एक घरी ठेवावी.

पालकांना एक विनंती. फोनवर मुलगा ‘जेवलो’ म्हणाला तर ‘काय जेवलास?’ असेही विचारा. शिष्यवृत्तीतून घरी पैसे पाठवण्याची अपेक्षा त्याच्यावर टाकू नका. बाबासाहेब अर्धपोटी शिकले, कारण त्यांच्यापुढे दुसरा इलाज नव्हता. आपल्या मुलांनी त्यांचा अभ्यास घ्यावा, उपासमार घेऊ नये.