सुघटन शस्त्रकर्मापूर्वी रुग्णास काय सांगावे?

प्रास्ताविक

‘प्लास्टिक सर्जरी’ हा शब्द आता खेडोपाडी पोहोचला आहे. त्याचा अर्थ मात्र तितकासा पोहोचलेला नाही. या शस्त्रकर्मात शरीरात प्लास्टिक बसवितात, अशी समजूत असणारे रुग्ण आजही भेटतात. वस्तुतः ‘आकार देणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव पडले आहे. म्हणूनच मराठीत ‘सुघटन शल्यचिकित्सा’ ही संज्ञा रूढ झाली.

बिडकीनसारख्या गावातील रुग्ण शहरातील शल्यतज्ज्ञाकडे जाण्यापूर्वी बहुधा आपल्या नेहमीच्या वैद्यास विचारतो. भाजल्यामुळे हनुवटी छातीस चिकटलेली स्त्री, मळणीयंत्रात बोटे गमावलेला मजूर, जड दागिन्यांनी कानाची पाळी फाटलेली आजी, फाटलेल्या ओठाचे अर्भक घेऊन आलेली माता आणि लग्न ठरत नाही म्हणून नाक बदलू इच्छिणारी तरुणी हे सर्व एकाच शब्दाचा आधार घेऊन येतात. शल्यतज्ज्ञाची व रुग्णाची भेट काही मिनिटांची असते, वैद्याचा व कुटुंबाचा संबंध मात्र वर्षानुवर्षांचा असतो. त्यामुळे या प्रसंगी वैद्याने दिलेल्या वा न दिलेल्या माहितीवर शस्त्रकर्माचे यशापयश काही अंशी अवलंबून राहते. ती माहिती कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शास्त्रीय व ऐतिहासिक पार्श्वभूमी

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या १६ व्या अध्यायात कर्णबंधाचे पंधरा प्रकार सांगून त्यानंतर नासासंधानाचा विधी दिला आहे. नाकाच्या मापाचे पान घ्यावे, त्या मापाने गालावरील त्वचा एका बाजूस संलग्न ठेवून उचलावी, नासाग्राचे लेखन करून ती तेथे सांधावी, श्वासासाठी दोन नलिका ठेवाव्यात आणि पत्तंग, यष्टिमधु व रसांजन यांच्या चूर्णाचे अवचूर्णन करावे, असा तो क्रम आहे. नलिका वगळून हाच विधी ओठासाठी सांगितला आहे.

या परंपरेचा सर्वांत प्रसिद्ध लेखी पुरावा आपल्या महाराष्ट्रातीलच आहे. इंग्रज सैन्यात बैल हाकण्याचे काम करणारा कावसजी हा मराठा शेतकरी १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळ कुंभार जातीच्या एका कारागिराने त्यास नवे नाक करून दिले. मेणाच्या पातळ पत्र्याने माप घेऊन कपाळावरील त्वचा उचलली, भुवयांमधील भाग जोडलेला ठेवून ती खाली वळविली, काताच्या लेपाने चिकटविली आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी जोडणारा भाग छेदला. थॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या मुंबईच्या डॉक्टरांनी हे कर्म प्रत्यक्ष पाहिले. त्याचा वृत्तांत लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आला. तो आधार घेऊन जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडन येथे असे शस्त्रकर्म केले.

या इतिहासाचा अभिमान योग्यच आहे. परंतु त्यातून घ्यावयाचा बोध वेगळा आहे. पुण्याच्या त्या कारागिराचे श्रेष्ठत्व ग्रंथपठणात नव्हते, पिढीजात अभ्यासाने सिद्ध झालेल्या हातात होते. सुश्रुतही योग्या अर्थात प्रत्यक्ष सराव न केलेल्या वैद्यास शस्त्र हाती घेऊ देत नाहीत. ‘हे तर आपलेच शास्त्र आहे’ या वाक्याने रुग्णास निर्धास्त करणे म्हणजे शास्त्राचा गौरव नव्हे.

आधुनिक काळातही महाराष्ट्राचे योगदान मोठे आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५८ मध्ये या शाखेचा स्वतंत्र विभाग उभा केला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशिर अंतिया यांनी कुष्ठरुग्णांच्या विकृत हातांवर व चेहऱ्यांवर आयुष्यभर काम केले. अमेरिकेत स्थायिक झालेले डॉ. शरदकुमार दीक्षित (निधन २०११) यांनी भारतात येऊन घेतलेल्या विनामूल्य शिबिरांतून फाटलेले ओठ, झुकलेल्या पापण्या व चेहऱ्यावरील व्रणवस्तू यांचे असंख्य रुग्ण बरे झाले. ही सुघटन शल्यचिकित्सा श्रीमंतांची चैन नव्हती, हे रुग्णांस आवर्जून सांगावे.

१) हेतू स्पष्ट करावा

पहिला प्रश्न असा विचारावा : या शस्त्रकर्माने काय मिळावे अशी अपेक्षा आहे? गेलेले कार्य परत मिळविणे हा एक हेतू आणि असलेल्या रूपात बदल करणे हा दुसरा. मान वळत नाही, डोळा मिटत नाही, दूध ओढता येत नाही, अशा स्थितीत विलंब हाच अपाय ठरतो. केवळ रूपासाठी असलेल्या कर्मात मात्र घाईचे कारण नसते. रुग्णाची स्वतःची इच्छा आहे की सासर-माहेरच्या दडपणाखाली तो आला आहे, हे एकांतात विचारून घ्यावे. इतरांस न दिसणारा दोष ज्यास दिवसभर आरशात दिसतो, त्याचे समाधान शस्त्राने क्वचितच होते. त्यास प्रथम मानसरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. वजन घटविण्यासाठी चरबी काढून घेणे हा उपाय नव्हे, हेही सांगावे. त्या कर्माने आकार बदलतो, स्थौल्य जात नाही.

व्रणचिन्हाशिवाय शस्त्रकर्म होत नाही. कुशल हात ते झाकतो वा सूक्ष्म करतो, नाहीसे करीत नाही. ज्यांच्या खांद्यावर, छातीवर वा कर्णपाळीवर पूर्वी जाड, वाढत जाणारी व्रणवस्तू झाली आहे, त्यांनी ही गोष्ट शल्यतज्ज्ञास प्रथमच सांगितली पाहिजे.

२) योग्य काल

फाटलेल्या ओठाचे शस्त्रकर्म साधारणतः तिसऱ्या महिन्याच्या सुमारास करतात. अर्भकाचे वय दहा आठवडे, वजन दहा पौंड अर्थात सुमारे साडेचार किलो आणि हिमोग्लोबिन दहा ग्रॅम हा जुना मापदंड लक्षात ठेवण्यास सोपा आहे. टाळूचे कर्म सामान्यतः नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान होते. त्यास फार उशीर झाल्यास वाणी सदोष राहते. ‘ग्रहण पाळले नाही म्हणून ओठ फाटला’ या समजुतीने मातेला दोष देणारी घरे आजही आहेत. तिचा यात काही अपराध नाही, हे वैद्याने सासूच्या समक्ष सांगावे. औषधाहून अधिक उपयोगी असे हे एक वाक्य आहे.

भाजल्यानंतरची व्रणवस्तू पक्व होण्यास सुमारे एक वर्ष लागते. लाल, कंडूयुक्त व कठीण असताना तिच्यावर केवळ रूपासाठी शस्त्र चालवीत नाहीत. परंतु डोळ्याची पापणी ओढली जात असेल वा सांधा आखडत असेल, तर वाट पाहू नये. श्वित्रामध्ये त्वचारोपण करावयाचे तर डाग निदान वर्षभर स्थिर असावेत. नवे डाग उठत असताना केलेले रोपण वाया जाण्याचा संभव असतो. नाकाचा आकार बदलण्याचे कर्म चेहऱ्याची वाढ पूर्ण होण्यापूर्वी करू नये. शिवाय त्याची सूज पूर्णपणे उतरण्यास वर्षही लागते. लग्नाच्या तिथीआधी पंधरा दिवस हे कर्म करून घेऊ इच्छिणाऱ्यास हे माहीत नसते.

३) शस्त्र कोणाच्या हाती आहे?

सामान्य शल्यचिकित्सेतील पदव्युत्तर शिक्षणानंतर या शाखेची एम.सीएच. अथवा समकक्ष पदवी घेतलेला तज्ज्ञ हा या कर्माचा अधिकारी होय. ‘कॉस्मेटिक’ एवढाच शब्द असलेली पाटी ही पदवी नव्हे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणी पाहता येते व ती पाहावी. केशरोपणाच्या केंद्रांत अप्रशिक्षित व्यक्तींकडून कर्म होऊ लागल्याने राष्ट्रीय वैद्यक आयोगास सप्टेंबर २०२२ मध्ये त्याविषयी मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या. केस लावून घेण्यापूर्वी रुग्णाने तीन प्रश्न विचारावेत : प्रत्यक्ष कर्म कोण करणार? अतिदक्षतेची सोय कोठे आहे? उपद्रव झाल्यास रात्री कोणास बोलवावयाचे?

आपल्या व्यवसायबंधूंसही येथे एक सूचना आहे. नोव्हेंबर २०२० च्या राजपत्राने ५८ शस्त्रकर्मांसंबंधी जी तरतूद झाली, ती शल्य व शालाक्य विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणाची आहे. केवळ बी.ए.एम.एस. पदवीच्या आधारे असे कर्म हाती घेऊ नये व ‘ओळखीचा आहे’ या कारणाने अपात्र व्यक्तीकडे रुग्ण पाठवू नये. पाठविल्याबद्दल मोबदला घेणे तर सर्वथा त्याज्य होय.

४) शरीराची सिद्धता

अशुद्ध, अतिप्रवृत्त वा क्षीण रक्त असताना कर्णसंधान करू नये, असे सुश्रुत सांगतात. आजच्या परिभाषेत जंतुसंसर्ग, रक्तस्रावाची प्रवृत्ती व पांडुता या तिन्हींचा निरास प्रथम करावा, असा त्याचा आशय घेता येईल. ग्रामीण स्त्रियांत पांडुता फार आढळते. ती शस्त्रकर्मापूर्वी दूर करणे हे वैद्याचे खास क्षेत्र आहे. मधुमेह आटोक्यात नसेल तर व्रण रुजत नाही, म्हणून तीन महिन्यांची सरासरी दर्शविणारी तपासणी करून घ्यावी.

तंबाखूविषयी तर वैद्याने कठोर व्हावे. निकोटिनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित होतात आणि स्थलांतरित त्वचा रक्ताअभावी काळी पडून मरते. शस्त्रकर्मापूर्वी किमान चार आठवडे व नंतरही तितकाच काळ तंबाखू पूर्ण बंद हवा. ‘मी सिगारेट ओढत नाही’ असे म्हणणारा रुग्ण गुटखा खात असतो आणि घरातील स्त्री मिश्री लावीत असते. म्हणून प्रश्न नेमक्या शब्दांत विचारावा.

५) आपली औषधे लपवू नयेत

शल्यतज्ज्ञ विचारतो, ‘काही औषधे चालू आहेत का?’ रुग्ण ‘नाही’ म्हणतो, कारण आयुर्वेदीय काढा वा गुग्गुळ म्हणजे ‘औषध’ असे त्यास वाटतच नाही. लसूण, गुग्गुळ तसेच अधिक मात्रेतील हळद यांमुळे रक्त गोठण्याच्या क्रियेवर परिणाम होऊ शकतो. यष्टिमधु दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. अश्वगंधा भूल देणाऱ्या व झोप आणणाऱ्या औषधांच्या परिणामात भर घालू शकते. म्हणून अशी द्रव्ये साधारणतः दोन आठवडे आधी थांबवावीत. हृदयरोग, रक्तदाब वा मधुमेहाची आधुनिक औषधे मात्र स्वतःहून बंद करू नयेत, तो निर्णय शल्यतज्ज्ञ व भूलतज्ज्ञ यांचा आहे. आपण देत असलेल्या सर्व कल्पांची लेखी यादी रुग्णाच्या हाती द्यावी. घटकद्रव्ये सांगता येत नाहीत असे औषध त्या काळात देऊच नये. शस्त्रकर्माच्या तोंडावर वमन-विरेचनही करू नये. शोधनाने शरीरातील जल व क्षार घटलेले असताना भूल देणे धोक्याचे असते.

६) भोजनाविषयी

प्राचीन काळी बहुतांश शस्त्रकर्मांपूर्वी रुग्णास लघु अन्न देत, तर मुखरोग, अर्श, अश्मरी इत्यादींत उपाशीपोटी कर्म करीत. तो काळ आजच्या भूलशास्त्राचा नव्हता. आज संपूर्ण भूल द्यावयाची असता साधारणतः सहा तास घन आहार व दूध आणि दोन तास पाणीही वर्ज्य असते. पोटातील अन्न वर येऊन फुफ्फुसात गेल्यास प्राणावर बेतते. ‘अशक्तपणा येईल’ म्हणून पहाटे गुपचूप चहा-बिस्किट देणारे प्रेमळ नातेवाईक हा धोका ओढवून घेतात. अर्भकांसाठीचे नियम वेगळे असल्याने ते भूलतज्ज्ञाकडूनच लेखी घ्यावेत.

७) संमती

अश्मरीच्या चिकित्सेत सुश्रुत कर्मापूर्वी अधिकारी व्यक्तीची अनुज्ञा घेण्यास सांगतात, तर चरक उदररोगातील दारुण उपायापूर्वी आप्तांस धोक्याची कल्पना देण्यास सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ च्या निकालात हेच तत्त्व रुग्णाच्या बाजूने अधिक स्पष्ट केले. कर्माचे स्वरूप, हेतू, पर्याय व धोके यांची पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली संमती हीच खरी संमती होय. तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रकर्मास लागू पडत नाही. म्हणून कागद मराठीत वाचून घ्यावा, न समजल्यास तो घरी आणावा, वैद्यास दाखवावा आणि मगच स्वाक्षरी करावी. कर्म एका टप्प्यात संपेल की दोन-तीन टप्पे लागतील, तसेच दुरुस्ती करावी लागल्यास तिचा खर्च कोणी करावयाचा, हेही आधीच विचारावे.

खर्चाविषयी मार्गदर्शन करताना एक भेद सांगावा. भाजल्यानंतरच्या विकृतींसारखी अनेक शस्त्रकर्मे महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत समाविष्ट आहेत. फाटलेल्या ओठाच्या व टाळूच्या बालकांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून साहाय्य मिळते. केवळ सौंदर्यासाठी केलेले कर्म मात्र स्वखर्चाचेच असते. पहिल्या प्रकारासाठी जमीन गहाण टाकण्याची गरज नाही आणि दुसऱ्यासाठी ती टाकू नये.

८) पश्चात्कर्म

संधानानंतर संघर्षण, दिवास्वाप, व्यायाम, अतिभोजन, व्यवाय, अग्निसंताप व अधिक बोलणे वर्ज्य करावे, असा सुश्रुतांचा उपदेश आहे. त्यातील बहुतेक सूचना आजही तशाच्या तशा उपयोगी आहेत. त्यात इतकीच भर घालावी की, ताज्या रोपणावर हळद, राख, कोरफड वा कोणताही घरगुती लेप लावू नये आणि पट्टी स्वतः सोडू नये. रोपित भाग काळा-निळा पडणे, दुर्गंधी, ताप, वाढती वेदना ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी शल्यतज्ज्ञ गाठावा. व्रण पूर्ण भरल्यावर त्याच्या अनुमतीने तैलाभ्यंग, उन्हापासून रक्षण आणि सांध्यांचे व्यायाम महिनोन्‌महिने चालू ठेवावे लागतात. येथे वैद्याचा खरा उपयोग आहे. अनेकदा उत्तम झालेले कर्म केवळ व्यायाम सोडल्यामुळे पुन्हा आखडते.

उपसंहार

पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म या त्रयीतील प्रधानकर्म शहरातील शस्त्रगृहात काही तासांत संपते. उरलेली दोन कर्मे गावातच, आपल्या डोळ्यांसमोर घडतात. योग्य हेतू, योग्य काल, पात्र हात, सिद्ध शरीर, औषधांची उघड यादी आणि समजून दिलेली संमती या सहा गोष्टी एका कागदावर मराठीत लिहून प्रत्येक वैद्याने आपल्या चिकित्सालयात लावाव्यात व रुग्ण पाठविताना वाचून दाखवाव्यात. नासासंधानाचा वारसा सांगणाऱ्या शास्त्राच्या अनुयायांकडून रुग्णाची एवढी अपेक्षा रास्तच आहे.