पोरगं गप्प झालंय? काय करावे, काय टाळावे

धाराशिव जिल्ह्यात मनाच्या आजारांची चर्चा झाली ती मुख्यतः शेतकरी आत्महत्यांमुळे. २०१५ साली सरकारनं १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, त्यात हा जिल्हाही होता. आशाताई शेतकरी कुटुंबांची विचारपूस करू लागल्या. पण त्याच घरातलं सतरा-अठरा वर्षांचं पोर नजरेआड राहतं. नापिकी, कर्ज, सोसायटीची नोटीस हे सगळं ते ऐकत असतं. लातूरच्या क्लासची फी कुठून आली, हेही त्याला ठाऊक असतं. मानसिक आजारांपैकी जवळपास निम्मे चौदाव्या वर्षापर्यंत सुरू होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा लक्ष लवकर द्यायला हवं.

काय करावे

- बदल टिपा. झोप उडणं, जेवण कमी होणं, मित्रांना टाळणं, आवडीचा खेळ सोडणं. हे दोन आठवडे टिकलं तर डॉक्टरांना दाखवा. मुलगे अनेकदा रडत नाहीत. चिडतात, गाडी बेफाम पळवतात.
- सरळ विचारा. "जगणं नकोसं वाटतंय का?" असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं तर पोराला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.
- फवारणीची औषधं कुलपात ठेवा, किल्ली मोठ्या माणसाकडे. टोकाची ऊर्मी बऱ्याचदा थोडाच वेळ टिकते. श्रीलंकेनं अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्येचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं.
- १४४१६ हा नंबर घरातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये ठेवा. ही सरकारची 'टेलिमानस' सेवा: मोफत, चोवीस तास, मराठीतही. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहेच.
- ऊसतोडीला जाताना मुलं आजी-आजोबांपाशी ठेवली असतील तर रोज ठरल्या वेळी फोन करा. एका शिक्षकालाही सांगून जा.
- निकालाच्या दिवशी घरी थांबा. पुरवणी परीक्षा असते, हे निकालाआधीच बोलून ठेवा.

काय टाळावे

- "तुझ्यासाठी रान गहाण टाकलं" हे ऐकवू नका. चुलतभावाचे मार्कही काढू नका.
- 'नाटकं करतोय' म्हणू नका. मरणाची भाषा किंवा तसं स्टेटस दिसलं की मित्रांनीही गुपित पाळू नये; लगेच मोठ्यांना सांगावं.
- देवऋषाकडे वेळ घालवू नका. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.
- "लग्न करून टाका, सुधारेल" हा उपाय नव्हे. त्यानं आजार बरा होत नाही, आणखी एक जीव त्यात ओढला जातो. मुलीची शाळा तोडून लग्न लावणं तर तिच्या मनावरचा नवा घाव.
- व्यसन झाकू नका, पोराला बडवूही नका. तुळजापुरात २०२५ मध्ये एमडी ड्रग्जचं प्रकरण उघडकीला आलं. धोका दारापर्यंत आला आहे. व्यसन हा आजार आहे, त्याला उपचार आहेत.
- पोलिसांच्या भीतीनं दवाखाना लांबवू नका. जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं मानावं आणि त्याला शिक्षा करू नये, असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो.
- बरं वाटलं म्हणून गोळ्या मनानं बंद करू नका.

पोरानं स्वतःहून येऊन सांगावं, अशी वाट बघत बसू नका. धाराशिवच्या सरकारी रुग्णालयात केसपेपर काढायला आपणच त्याच्यासोबत जा, आणि पाव्हण्यांनी विचारलं तर बेधडक सांगा: तापाला दाखवतो, तसंच मनालाही दाखवतोय.