केशगळती : दुर्लक्षू नये असा इशारा

केस गळणे हा रुग्णासाठी मनस्तापाचा विषय असतो. चिकित्सकासाठी मात्र तो कधीकधी वेळीच मिळालेला इशारा ठरतो. रोगप्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांच्या बाबतीत हे विशेषत्वाने खरे आहे.

मेथोट्रेक्सेट, लेफ्लुनोमाइड, टॅक्रोलिमस यांमुळे केस विरळ होऊ शकतात. ही गळती बहुधा सौम्य असते व मात्रा कमी केल्यावर भरून येते. सायक्लोस्पोरिनने उलट अंगावरची लव वाढते. अ‍ॅझाथायोप्रीनची गोष्ट निराळी आहे.

ल्युपस, आतड्यांचा दाह, मूत्रपिंडरोपण, तसेच गाजरगवतामुळे होणारा त्वचादाह अशा अनेक व्याधींत हे औषध दिले जाते. त्यापासून शरीरात तयार होणारे घटक वेगाने विभागणाऱ्या पेशींना रोखतात. हे घटक निष्प्रभ करणाऱ्या टीपीएमटी या एन्झाइमची उणीव पाश्चात्त्य देशांत पूर्वीच परिचित होती. २०१४ साली कोरियातील क्रोन्स रुग्णांच्या अभ्यासातून एनयूडीटी-१५ या जनुकातील बदलाचे महत्त्व उघड झाले. हा बदल आशियाई लोकांत, भारतीयांतही, आढळतो. ज्यांच्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतात, त्यांचे केस औषध सुरू केल्यापासून काही आठवड्यांतच मूठमूठ गळू लागतात आणि त्याच सुमारास रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतात. केसांची मुळे आणि अस्थिमज्जा या दोहोंतील पेशी वेगाने विभागत असतात. मुळांवरचा आघात डोळ्यांना दिसतो, मज्जेवरचा दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

म्हणून काही पथ्ये पाळावीत. औषधापूर्वी रक्तगणना करावी, शक्य असल्यास जनुकतपासणीही करावी. प्रारंभ अल्प मात्रेने करून पहिला महिनाभर दर आठवड्यास रक्तगणना करावी. टीपीएमटी अहवाल निर्दोष आहे म्हणून निर्धास्त राहू नये. रुग्ण अ‍ॅलोप्युरिनॉल घेत असल्यास अ‍ॅझाथायोप्रीनची मात्रा सुमारे एक चतुर्थांशावर आणावी लागते. पहिल्या काही आठवड्यांत केस झपाट्याने गळू लागल्यास तेल वा शाम्पू सुचवून रुग्णाची बोळवण न करता त्याच दिवशी रक्त तपासावे आणि अहवाल येईपर्यंत औषध थांबवावे.

रुग्णबांधवांनीही अशी गळती दिसताच, अथवा ताप, घसादुखी वा तोंडात व्रण जाणवताच, संकोच न करता त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना कळवावे. औषध परस्पर बंद करू नये. विशेषतः प्रत्यारोपित मूत्रपिंड असल्यास पर्यायी औषधाचा निर्णय तज्ज्ञांनीच घ्यावयाचा असतो. गेलेले केस सहसा पुन्हा उगवतात. पांढऱ्या पेशींविना जडलेला जंतुसंसर्ग मात्र प्राणावर बेतू शकतो.