तालीम की डोह?

मेढ्याहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा अकरा वर्षांचा. अतिचंचलतेसाठी सकाळी मिथाइलफेनिडेट, आणि रागाचे झटके येतात म्हणून रात्री रिस्पेरिडोनची छोटी गोळी. वडील म्हणतात, कुस्तीगीर खाशाबा जाधवांच्या जिल्ह्यातला पोरगा आहे, तालमीत घाला. आईला धास्ती, गोळ्या चालू असताना कुस्ती झेपेल का? आणि पोराला विचारलं तर तो वेण्णा नदीच्या डोहाकडे बोट दाखवतो.

ताई, गोळ्या चालू आहेत म्हणून खेळ बंद करायचं कारण नाही. अशा मुलांना खेळाची गरज इतरांपेक्षा कांकणभर जास्तच असते. झोप लागते, अंगातली धग निघून जाते. शिवाय वर्गात दिवसभर बोलणी खाणाऱ्या पोराला एखाद्या ठिकाणी शाबासकी मिळते, ती वेगळीच. खेळ मात्र गोळीचं घड्याळ बघून निवडायचा.

मिथाइलफेनिडेटची साधी गोळी साधारण चार तास काम करते, लांब पल्ल्याची आठ ते बारा. तालीम भरते पहाटे किंवा संध्याकाळी. पहाटे सकाळची गोळी पोटात गेलेली नसते आणि रात्रीच्या गोळीची गुंगी डोळ्यांवर असते. वस्ताद सांगतात एक, पोरगा करतो भलतंच, आणि शिक्का बसतो ‘आळशी’ म्हणून. संध्याकाळी पाचला साध्या गोळीचा असर उतरलेला असतो. म्हणून तालमीची वेळ आधी तुमच्या डॉक्टरांना सांगा. वेळ जुळवता येते. गोळी पुढेमागे करायचं काम घरच्या घरी करू नका.

कुस्तीच्या बाजूने माझं मत आहे. समोर एकच जोडीदार, डाव काही मिनिटांचा, अंगाला अंग भिडलेलं. लक्ष भरकटायला फुरसतच नाही. कबड्डीतली चढाई तीस सेकंदांची, तीही अशा मुलांना मानवते. क्रिकेटमध्ये सीमारेषेवर तासभर उभं केलेलं हेच पोर फुलपाखरांमागे जाईल. त्यात तुमच्या जावळीचा पावसाळा. मैदानं चिखलात गेली तरी तालमीच्या छपराखाली माती कोरडी असते.

आता खुराक. सकाळच्या गोळीने दुपारची भूक मरते, डबा तसाच परत येतो. रात्रीच्या गोळीने उलट भूक वाढते, वजन चढतं. तेव्हा गोळीआधी भरपेट न्याहारी, दूध-भाकरी चालेल, आणि संध्याकाळच्या सरावानंतर पोटभर जेवण. वजन-उंची दर तपासणीला लिहून घ्या. बाजारातल्या ताकदीच्या पावडरी आणू नका. काहींत कॅफिन असतं, आणि या गोळीने नाडी आधीच थोडी वाढलेली असते.

एका बाबतीत मी हट्टी आहे. वजनी गटासाठी ‘वजन तोडणं’ या मुलाच्या वाट्याला येता कामा नये. जर्किन घालून पळवणं, पाणी तोडणं हे कुठल्याच मुलासाठी बरं नाही. पण याच्या सकाळच्या गोळीने थकवा उशिरा जाणवतो आणि रात्रीच्या गोळीने अंग थंड ठेवण्याची व्यवस्था मंदावू शकते. दोन्ही मिळून उन्हाचा झटका लवकर बसतो. जत्रांचे फड भरतात ऐन उन्हाळ्यात, दुपार टळायच्या आत. रेवड्यांची कुस्ती खेळू द्या, पण सावलीत बसवून, दर वीस मिनिटांनी पाणी पाजून. एखादं मूल लिथियमवर असेल तर हा नियम आणखी कडक. अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की लिथियम रक्तात साठतं. हात थरथरणं, उलट्या, तोल जाणं सुरू झालं तर थेट दवाखाना. व्हॅल्प्रोएटवरच्या मुलाला अंगावर वारंवार काळेनिळे डाग पडत असतील तर अंगलटीचा खेळ थांबवून आधी रक्ततपासणी.

सुरुवातीआधी एकदा नाडी, रक्तदाब, छातीची तपासणी. धावताना कधी चक्कर येऊन पडला असेल, छातीत दुखलं असेल, किंवा घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर हृदयाचा आलेख काढल्याशिवाय मातीत पाय नको.

वस्तादांना काय सांगायचं, हा प्रश्न गावात अवघड असतो. ‘डोक्याच्या गोळ्या’ हा शब्द वाऱ्यावर पसरतो. आजाराचं नाव सांगायची गरज नाही. एवढंच सांगा: याला औषध चालू आहे, गरगरलं, अंग तापलं, बरळायला लागला तर थांबवा आणि मला फोन करा. आणखी एक खूण त्यांना जरूर सांगा. रिस्पेरिडोनने क्वचित मान एका बाजूला ओढली जाते, डोळे वर चढतात. तालमीत वाटेल मान लचकली, घरी वाटेल बाहेरचं काही आहे. ना मालीश, ना अंगारा. इंजेक्शनने बहुधा थोड्याच वेळात उतरतं.

पोरगा पुढेमागे मोठ्या स्पर्धांत उतरला तर मिथाइलफेनिडेट स्पर्धेच्या काळात उत्तेजक म्हणून प्रतिबंधित आहे, हे ध्यानात असू द्या. खऱ्या आजारासाठी सूट मिळते, पण अर्ज आधी लागतो, कागदपत्रं लागतात. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३मध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाल्यापासून धनुष्य मागणारी मुलंही माझ्याकडे येतात. तिथे घबराटीसाठी दिलं जाणारं प्रोप्रॅनोलॉल अडतं, कारण ते हात स्थिर करतं. सामन्याच्या आदल्या दिवशी गोळी गुपचूप बंद करणं हा मात्र यावरचा उपाय नव्हे. क्लोनिडिनसारखी गोळी एकदम सोडली तर रक्तदाब उसळतो.

राहिला डोह. खरं तर तुमच्या पत्रात पोराची स्वतःची इच्छा तेवढी एकच आहे, आणि ती मोडू नये असं मला वाटतं. पोहणं त्याला मानवेल. भीती गोळीपेक्षा त्याच्या स्वभावाची: ही मुलं आधी उडी मारतात, खोली नंतर बघतात. म्हणून शिकायचं तलावात, शिकवणाऱ्यासोबत. नदीत तूर्त नाही, पावसाळ्यात तर नाहीच. कधी फिट आली असेल तर आधी मला कळवा. आणि रविवारी शाळा नाही म्हणून गोळीला सुट्टी द्यायची तुमच्या घरी सवय असेल, तर पोहायचा वार रविवार ठेवू नका. पाण्यात त्याच्या हाताच्या अंतरावर कोण उतरणार, तुम्ही की त्याचे वडील, तेही आधी ठरवा. काठावर टॉवेल घेऊन बसणारा माणूस धरत नाहीत.