चिकटविण्यापूर्वी : प्लास्टिकच्या विमान-प्रतिकृतीचा अभ्यास

छंद म्हणजे रिकामा वेळ घालविण्याचे साधन, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. त्यातून प्लास्टिकचे विमान जोडणे म्हटले, की ते लहान मुलांचे खेळणे ठरते. परंतु सुटे भाग, सूचनापत्रक आणि चिन्हांचा एक कागद एवढेच ज्या खोक्यात असते, त्यातून भूमिती, रसायनशास्त्र, ओतकाम आणि अलीकडचा इतिहास यांचा अभ्यास एकाच वेळी घडू शकतो. अट एकच. प्रत्येक भाग चिकटविण्यापूर्वी तपासून पाहिला पाहिजे. ही तपासणी कशी करावी, हे एका विमानाच्या उदाहरणाने सांगण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे.

विमान कोणते घ्यावे?

उचगावहून बेळगाव ओलांडून पूर्वेकडे गेले, की सांबरा लागते. तेथील धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील असून भारतीय हवाई दलाचे वायुसैनिक प्रशिक्षण केंद्रही तेथेच आहे. तेव्हा विमान ही वस्तू आपल्या मुलुखाला अनोळखी नाही. तथापि उदाहरणासाठी आपण मिग-२१ हे लढाऊ विमान घेऊ. त्याची रचना रशियन असली, तरी त्याची शेकडो विमाने महाराष्ट्रात, नाशिकजवळच्या ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार झाली. इंजिने ओरिसातील कोरापुट येथे बनत. १९६३ साली चंदीगड येथे या विमानाची पहिली तुकडी उभी राहिली आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच चंदीगडला या विमानाने निरोप घेतला. १९७१ च्या युद्धात ते लढले. पुढील काळात त्याच्या अपघातांत अनेक वैमानिकांनी प्राण गमावले, हेही विसरता येत नाही. आता हे विमान आकाशात दिसणार नाही. ज्याने ते उडताना पाहिले नाही, अशा पुढच्या विद्यार्थ्याला ते कसे होते हे कळणार ते संग्रहालयांतून, छायाचित्रांतून आणि प्रतिकृतींतून. म्हणून प्रतिकृती खरी असली पाहिजे. चुकीची प्रतिकृती ही चुकीच्या नोंदीसारखी असते. पाहणारा ती खरी मानून चालतो.

प्रमाण म्हणजे काय?

इंग्लंडमधील एअरफिक्स ही कंपनी निकोलस कोव्ह यांनी १९३९ साली स्थापन केली. १९५३ साली तिने स्पिटफायर विमानाचा लहानसा संच बाजारात आणला आणि हा छंद घरोघरी पोहोचला. अशा संचांत १/७२ हे प्रमाण विशेष रूढ आहे. फूट-इंचांच्या हिशेबात ते सोयीचे पडते. प्रतिकृतीवरील एक इंच म्हणजे खऱ्या विमानावरील सहा फूट. मेट्रिक पद्धतीत एक मीटर म्हणजे सुमारे १३.९ मिलिमीटर.

मिग-२१ च्या पंखांचा विस्तार ७.१५४ मीटर आहे. त्याला ७२ ने भागले, की ९९.४ मिलिमीटर येतात. म्हणजे पूर्ण विमान रुंदीला तळहाताएवढे. पंखांचे क्षेत्रफळ २३ चौरस मीटर. येथे ७२ ने नव्हे, तर ७२ च्या वर्गाने, म्हणजे ५,१८४ ने भागावे लागते. उत्तर सुमारे ४४ चौरस सेंटिमीटर. वजनाचा हिशेब घनाने होतो. उड्डाणाच्या वेळी हे विमान सुमारे ८.७ टन भरते. ७२ चा घन ३,७३,२४८. भागाकार केल्यास अवघे २३ ग्रॅम उरतात. लांबी ७२ पटीने कमी झाली, तर वजन पावणेचार लाख पटीने कमी होते. मुंगी स्वतःहून जड ओझे उचलते आणि हत्तीला ते का जमत नाही, या प्रश्नाचे मूळही याच वर्ग आणि घन यांच्या फरकात आहे.

आता उलट दिशेने पाहू. प्रतिकृतीच्या पंखाची मागची कड एक मिलिमीटर जाड असली, तर खऱ्या विमानावर ती ७२ मिलिमीटर जाड झाली. एवढ्या बोथट कडेचे स्वनातीत विमान असू शकत नाही. पत्र्यांचे जोड दाखविणारी रेघ ०.२ मिलिमीटर रुंद असली, तर खऱ्या विमानात ती दीड सेंटिमीटरची फट ठरेल. रंगाचा थर ०.१ मिलिमीटर बसला, तर तो सात मिलिमीटर जाडीचा लेप झाला. मागची कड कानशीने पातळ का करावयाची आणि रंग पातळ करून का द्यावयाचा, याचे कारण या हिशेबात आहे.

साच्यातून आलेली वस्तू

आपल्या बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामाचे अनेक कारखाने आहेत. अनेकांच्या घरातील कोणी ना कोणी फौंड्रीत काम केलेले असेल. त्यांना हा संच दाखवावा. प्लास्टिकच्या ज्या काड्यांच्या चौकटीला भाग लटकलेले असतात, ते ‘रनर’ आहेत आणि भागाला जोडणारी बारीक मान म्हणजे ‘गेट’ आहे, हे ते लगेच ओळखतील. फौंड्रीत वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओततात. येथे तापवून मऊ केलेले पॉलिस्टायरीन पोलादी साच्यात दाबाने घुसवितात. तत्त्व तेच.

दोन्ही ठिकाणी साचा दोन भागांचा असतो आणि वस्तू त्यातून सरळ बाहेर निघावी लागते. म्हणूनच विमानाचे धड डावे आणि उजवे अशा दोन अर्ध्यांत येते. दोन साचे जेथे मिळतात तेथे भागावर एक बारीक रेघ उमटते. ती खऱ्या विमानावर नसते, म्हणून घासून काढावयाची. जेथे प्लास्टिक जाड असते तेथे थंड होताना ते आकसते आणि वर खळगा पडतो. तो पुटीने भरावयाचा. साच्यातून भाग ढकलून काढणाऱ्या खिळ्यांचे गोल ठसेही आतल्या बाजूस दिसतात. कोणती खूण विमानाची आणि कोणती कारखान्याची, हे ओळखता येणे ही या अभ्यासाची पहिली पायरी होय.

भाग चौकटीतून हाताने मोडून काढू नयेत. कटरने मान थोडी दूर कापावी, उरलेला तुकडा नंतर कानशीने आणि पाण्यात भिजविलेल्या वॉटर पेपरने सपाट करावा.

कोणते मिग-२१?

मिग-२१ हे एक नाव असले, तरी प्रकार पुष्कळ आहेत, आणि चुका बहुधा येथेच होतात. एअरफिक्सचा जुना संच अगदी आरंभीच्या प्रकाराचा होता. त्यावर नाशिकच्या विमानाची चिन्हे लावली, तर चिन्हे खरी आणि विमान खोटे, असा प्रकार होतो.

ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. हवेचा दाब मोजणारी लांब नळी आरंभीच्या प्रकारात नाकाखाली असते. नाशिकला प्रथम तयार झालेल्या एफएल प्रकारात ती नाकावर मध्यभागी आली. नंतरच्या एम प्रकारात ती उजवीकडे सरकली. एफएलच्या पंखाखाली शस्त्रे टांगण्याच्या दोनच जागा होत्या, एमला चार. एफएलमध्ये अंगची तोफ नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठी १९७१ च्या युद्धात त्याच्या पोटाखाली तोफेची पेटी बसविली जाई. तेव्हा १९७१ चे एफएल करताना पोटाखाली ही पेटी दाखवावयाची, की इंधनाची जादा टाकी, हा प्रश्न ज्या विमानाचे छायाचित्र समोर आहे त्यावरून सुटतो. शेवटच्या ‘बिस’ प्रकारात पाठीचा फुगवटा जाड होऊन थेट शेपटीपर्यंत गेला. खोक्यावरच्या सुंदर चित्रावर विसंबू नये. विमान आणि वर्ष आधी ठरवावे, मग संच उघडावा.

पंखाची परीक्षा

गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी एक उदाहरण सोडवून दाखवितो. मिग-२१ चा पंख त्रिकोणी आहे. त्याची पुढची कड ५७ अंशांनी मागे झुकलेली आहे. अर्धा विस्तार ३.५७७ मीटर. मागची कड सरळ मानली आणि टोक अणकुचीदार धरले, तर मध्यरेषेवरील पंखाची रुंदी ३.५७७ गुणिले ५७ अंशांचे स्पर्शगुणोत्तर (१.५४), म्हणजे सुमारे ५.५१ मीटर येते. या त्रिकोणाचे क्षेत्रफळ १९.७ चौरस मीटर भरते. परंतु खरे क्षेत्रफळ २३ चौरस मीटर आहे. मग उरलेले ३.३ चौरस मीटर कोठे गेले?

उत्तर असे, की पंखाचे टोक अणकुचीदार नसून कापलेले आहे. त्यामुळे मूळ त्रिकोणामागे संपूर्ण विस्ताराएवढी एक पट्टी वाढली. ३.३ ला ७.१५४ ने भागले, की त्या पट्टीची रुंदी सुमारे ०.४६ मीटर मिळते. टोकाचीही रुंदी तेवढीच. १/७२ प्रमाणात ती ६.४ मिलिमीटर झाली. आता पट्टी घेऊन आपल्या संचातील पंखाचे टोक मोजा, कोनमापकाने पुढच्या कडेचा कोन तपासा. माप जुळले, तर संच करणाऱ्याने नीट काम केले आहे. न जुळल्यास किती आणि कोठे घासावयाचे ते कळले. दोन-तीन आकड्यांवरून न दिसणारे माप काढता येते, ही गोष्ट वर्गातल्या फळ्यापेक्षा येथे अधिक पटते.

चिकटविण्याचे शास्त्र

प्लास्टिकचा सिमेंट हा डिंकासारखा नसतो. त्यातील द्रावक दोन्ही भागांचा पृष्ठभाग विरघळवितो, दोन्हींचे प्लास्टिक एकमेकांत मिसळते आणि द्रावक उडून गेल्यावर दोन भागांचा एकच भाग होतो. हे एक प्रकारचे वेल्डिंगच आहे. डिंक सुटतो, हा सांधा सुटत नाही. चूक झाली तर भाग मोडावा लागतो. म्हणून आधी कोरडी जुळवणी करावी. भाग चिकटपट्टीने, रबराने किंवा कपड्यांच्या चिमट्यांनी एकत्र धरून पाहावेत. फट दिसते का? पायरी राहते का? खुंटी भोकात पूर्ण बसते का?

क्रमही महत्त्वाचा आहे. वैमानिकाची बैठक, नाकातील शंकू, मागील धुराड्याची नळी हे भाग अनेक संचांत धड बंद करण्यापूर्वीच बसवावे लागतात. तीन चाकांवर उभे राहणारे विमान शेपटीवर बसू नये, म्हणून नाकात वजन घालावे लागते. तेही आधीच. सारे भाग चिकटपट्टीने तात्पुरते जोडून, मुख्य चाकांच्या जागी बोटांवर तोलून पाहावे. मागे कलत असेल, तर सायकलच्या बेअरिंगच्या जुन्या गोळ्या नाकात घट्ट बसवाव्यात. गुरुत्वमध्याचा पाठ येथे हाताला कळतो.

मिग-२१ चे पंख दोन अंशांनी खाली उतरलेले आहेत. या प्रमाणात धडापासून टोकापर्यंत पंख सुमारे चार सेंटिमीटर लांब असतो, म्हणजे टोक दीड मिलिमीटरने खाली यावे. जाड कागदाचा आधार कापून त्यावर विमान रात्रभर ठेवावे. पंख डोळ्यांच्या अंदाजाने वाकडा राहिला, तर वरचा रंग कितीही चांगला असो, विमान लंगडे दिसते.

काचेच्या आवरणाला सिमेंट लावू नये, ते पांढुरके होते. तेथे फेव्हिकॉल वापरावा. सिमेंट आणि रंग यांची वाफ घातक व ज्वालाग्राही असते. खिडकी उघडी ठेवून, दिवा-चुलीपासून दूर काम करावे.

रंग आणि चिन्हे

एफएल विमाने आरंभी धातूच्या चकाकीत असत. १९७१ च्या सुमारास त्यांवर हिरवट-तपकिरी छद्मरंग चढले. येथेही वर्ष ठरविणे आलेच. हवाई दलाच्या वर्तुळात बाहेर केशरी, मध्ये पांढरा आणि केंद्रस्थानी हिरवा रंग असतो. हा क्रम उलटा लावणारे आढळतात. चिन्हांचा कागद कोमट पाण्यात भिजवून, चकचकीत थरावर सरकवून बसवावा. खरबरीत रंगावर खाली हवा राहते आणि चिन्ह चंदेरी दिसू लागते.

संच नसल्यास?

परदेशी संच महाग पडतो, ही अडचण खरी आहे. परंतु वरील अभ्यासाचा मोठा भाग संचाशिवायही होतो. आलेख-कागदावर एक मीटरला १३.९ मिलिमीटर या हिशेबाने आराखडा काढावा. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्याचे थर कापून, चिकटवून, घासून पंख आणि धड करता येते. एन.सी.सी.च्या हवाई शाखेत विमान-प्रतिकृती हा शिक्षणाचाच एक भाग आहे. ज्या महाविद्यालयांत ती शाखा नाही, तेथेही विज्ञान मंडळाने हे काम हाती घेण्यास हरकत नाही. बंगळुरूच्या सहलीत हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे संग्रहालय अवश्य पाहावे आणि जाताना मोजपट्टी व वही बरोबर न्यावी.

आपल्या शिक्षणात वाचणे आणि लिहिणे पुष्कळ होते, मोजणे कमी होते, आणि मोजून मग हात लावणे त्याहूनही कमी. पुस्तकातील चूक खोडता येते, परीक्षेतील उत्तर पुन्हा लिहिता येते. परंतु पुढे कारखान्यात, शस्त्रक्रियेच्या मेजावर किंवा पुलाच्या बांधकामावर उभे राहिल्यावर पुष्कळ सांधे न सुटणारेच असतात. तेथे लागणारी सवय तळहाताएवढ्या विमानावर लावून घेता येते. खर्च थोडा, धोका कमी, आणि चुकले तर कोणाचे नुकसान नाही. यंदाच्या सुटीत दोघा-तिघांनी मिळून एक विमान हाती घ्यावे, त्याची सर्व मापे वहीत नोंदवावीत आणि ती वही प्रतिकृतीशेजारी ठेवावी. पाहणाऱ्याने विचारले, “हे कशावरून?” तर वही उघडून दाखविता आली पाहिजे.