विमानाच्या प्लगचा वॉशर किती वेळा चालेल?

होस्टेलवरच्या प्रत्येक बाइकवाल्याने कधी ना कधी प्लग काढून, घासून परत बसवलेला असतो. त्याखालचा वॉशर मात्र कुणी बघत नाही. बाइकचा वॉशर पत्रा दुमडून केलेला, आतून पोकळ; एकदा दबला की दबला. विमानाच्या पिस्टन इंजिनात भरीव तांब्याचा असतो. आमच्या ग्रुपचा मिनी-प्रोजेक्ट त्याच्यावरच आहे.

सेस्ना १७२एस या विमानात लायकमिंगचे ४ सिलिंडरचे इंजिन असते. दर सिलिंडरला २ प्लग, म्हणजे ८ वॉशर. वॉशरने गॅस अडवायचा, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण प्लगची उष्णता सिलिंडर हेडला पोचवण्याचे कामही त्याचेच. तो नीट टेकला नाही तर प्लग तापतो, ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटू शकते आणि पिस्टन जळतो. एकाच इंजिनाचे विमान, कडेला कुठे लावणार?

तांबे दाबत गेलो की कडक होते (वर्क हार्डनिंग, सेकंड इयरला झालेले!). कडक वॉशर हेडवरच्या बारीक खाचा भरत नाही. टॉर्क रेंच ३५ फूट-पाउंड बरोबर दाखवतो, आणि खाली फट तशीच. नुसते बघून हे कळत नाही, म्हणून टेस्ट.

ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात १८ मिमीचे आटे पाडायचे. प्लग टॉर्कने आवळायचा, ओव्हनमध्ये १५० अंशांवर तापवून गार करायचा, खालून ८० पीएसआय हवा सोडून साबणाचे पाणी लावायचे. बुडबुडे आले की फेल. प्रत्येक फेरीनंतर मायक्रोमीटरने चार जागी जाडी आणि शेवटी हार्डनेस. ओव्हन फार तापवू नये, नाहीतर तांबे आतल्या आत नरम पडून टेस्टच खोटी होते.

अर्धे वॉशर दर वेळी ॲनील करायचे: लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकायचे. व्हायव्हात इथेच विकेट पडते. पाण्यात टाकल्याने स्टील कडक होते, तांबे नाही. ते हवेत गार केले तरी नरमच राहते. पाण्याने फक्त वरची काळी खपली सुटते. नरमपणा असा परत येतो, गेलेली जाडी येत नाही. म्हणून प्लग काढला की नवा वॉशर घाला, असे प्लग बनवणारे सांगतात. ते मला पटते.

आमच्या टेस्टमध्ये इंजिनाचा थरथराट नाही, आणि ज्वलनाचा दाब ८० पीएसआयच्या कितीतरी पट असतो. त्यामुळे इथे फेल झालेला वॉशर नक्की बाद. पास झालेल्याला मात्र विमानात बसवायचा परवाना मिळाला असे समजू नये.