आधी वय विचार, मग डिव्हिजन

अगं, जावईबापूंनी पाठवलेला तक्ता मिळाला. सगळ्यात वर एनसीएए, म्हणजे कॉलेजांचे अधिकृत संघ, त्याखाली ज्युनियर, त्याखाली कॉलेजचा क्लब आणि तळाशी बिचारं हायस्कूल. लेक आत्ताशी टेन्थमध्ये आहे आणि त्याच्या पुढच्या आठ वर्षांची आइस हॉकीची शिडी तयार! तक्त्याशिवाय त्यांना झोप येत नाही, हे मला माहीत आहे. पण तो जरा बाजूला ठेव आणि म्हाताऱ्या मामाचं ऐक. मिनेसोटात इतकी वर्षं राहून, शेजारपाजारची पोरं रिंकवर वाढताना बघून जे कळलं तेवढंच सांगतोय.

कुठल्याही संघाचं नाव कानावर आलं की त्याची लेव्हल विचारू नकोस, पोरांची वयं विचार. हायस्कूलमध्ये चौदा-पंधरापासून अठरा-एकोणीसपर्यंतची मुलं. ज्युनियरमध्ये सोळा ते वीस. कॉलेज क्लबात अठरापासून पुढं, आणि त्यातले बरेचसे आधी ज्युनियर खेळून उशिरा कॉलेजात आलेले, म्हणजे बावीस-तेवीसचे बाप्ये. काचेपलीकडे कॉफी पीत उभे असलेले बाप 'कोण कोणाला हरवेल' यावर तासन्‌तास वाद घालतात. निम्मं उत्तर या वयातच असतं. इडायना किंवा मिनेटॉन्कासारखं तगडं हायस्कूल एखाद्या कमकुवत टिअर थ्री, म्हणजे सगळ्यात खालच्या ज्युनियर संघाला चांगलंच दमवेल, असं माझं मत. तेच हायस्कूल एसीएचए या कॉलेज क्लबांच्या संघटनेच्या पहिल्या डिव्हिजनमधल्या बऱ्या क्लबासमोर उभं केलं, तर स्केटिंगमध्ये मागं नसूनही तिसऱ्या पिरियडला बोर्डवर आपटून आपटून पार पिचून जाईल. सतराव्या वर्षीचे खांदे वेगळे आणि तेविसाव्या वर्षीचे वेगळे.

म्हणून तक्त्यातली ती शिडी खोटी आहे. हायस्कूल, ज्युनियर आणि क्लब या तीन वेगवेगळ्या जागा आहेत. प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी तपासायच्या: पैसे कोण भरतंय, पोरगं प्रत्यक्ष बर्फावर किती उतरतंय, आणि अभ्यासाचं काय होतंय.

हायस्कूलला कमी लेखू नकोस. मिनेसोटाची राज्य स्पर्धा १९४५ पासून चालू आहे. मार्चमध्ये सेंट पॉलला ती भरते तेव्हा अरीना गच्च भरलेलं असतं आणि कामावरची निम्मी माणसं टीव्हीला चिकटलेली असतात. १९८० च्या ऑलिम्पिकमध्ये लेक प्लॅसिडला सोव्हिएत संघाला हरवणाऱ्या अमेरिकी संघाचा कोच हर्ब ब्रुक्स हा सेंट पॉलच्या जॉन्सन हायस्कूलचा. १९५५ ची ही राज्य स्पर्धा तो तिथून जिंकला होता. इथं गावातली पोरं लहानपणी गावच्या संघात खेळतात आणि पुढं त्याच गावच्या शाळेकडून. फार हुशार पोरगं असलं तरी ते शाळेचा सीझन सहसा सोडत नाही. शरद ऋतूत एलिट लीग खेळतं, नोव्हेंबर ते मार्च शाळेसाठी खेळतं, आणि शाळेचा सीझन संपला की एखाद्या ज्युनियर संघाकडून थोड्या मॅचेस खेळून येतं. हा मधला मार्ग मला फार आवडतो. घरचं जेवण सुटत नाही आणि मोठ्यांचा खेळही अंगावर घेऊन बघता येतो.

पण तुम्ही शिकागोकडचे. तुमच्या इलिनॉयमध्ये शाळेच्या नावाची जर्सी घालणारे संघ खरं तर क्लबच असतात. त्यांचा कारभार राज्याची शालेय क्रीडा संघटना बघत नाही, राज्याची हॉकी संघटना बघते. पेनसिल्व्हेनियातही शाळांच्या संघटनेनं आइस हॉकीला आपल्यात घेतलेलं नाही. त्यामुळे तुमच्याकडे खरा पेच शाळा की शाळेबाहेरचा ट्रिपल ए क्लब असा असणार. ट्रिपल एमध्ये स्काउट जास्त येतात, प्रवास आणि खर्चही जास्त. लेक तिथं तिसऱ्या-चौथ्या लाइनवर बसणार असेल आणि शाळेत पहिल्या लाइनवर, पॉवर प्लेमध्ये खेळणार असेल, तर मी शाळा घेईन. बेंचवर बसून कोणी शिकत नाही. हां, शाळेचा खेळ आखूड असतो हे खरं. मिनेसोटात सतरा-सतरा मिनिटांचे तीन पिरियड आणि सीझनला पंचवीस मॅचेस. ज्युनियर आणि कॉलेजात पिरियड वीस मिनिटांचा, आणि वरच्या ज्युनियर लीगमध्ये मॅचेस साठीच्या आसपास.

आता ज्युनियर. इथं डोळे उघडे ठेव, कारण एकाच नावाखाली तीन अगदी वेगळे प्रकार खपवले जातात.

वरचा टिअर वन म्हणजे यूएसएचएल. डब्यूक, वॉटर्लू, सू सिटी, फार्गो अशा मध्यम गावांतले संघ. इथं खेळायला पैसे पडत नाहीत, राहण्याची सोयही संघच करतो. एनसीएएच्या पहिल्या डिव्हिजनकडे जाणारा सगळ्यात रुळलेला रस्ता हाच. त्याखाली टिअर टू, एनएएचएल. खेळण्याची फी नाही, पण ज्या घरी पोरगं राहतं त्या बिलेट कुटुंबाला महिन्याला पैसे द्यावे लागतात. ही लीग अलास्कापासून टेक्सासपर्यंत पसरली आहे, तेव्हा बसमध्ये झोपायची सवय हवी. आणि त्याखाली टिअर थ्री, जिथं सीझनची फी तुम्ही भरता. हजारो डॉलर, कित्येक ठिकाणी पाच आकडी, वर बिलेट, वर स्टिका. चांगली कार्बनची स्टिक तीनशे डॉलरला जाते आणि पोरं ती महिन्यात मोडतात.

टिअर थ्री सगळीच वाईट असं नाही. उशिरा उंची धरणाऱ्या पोराला एक वर्ष मिळतं, गोलीला मॅचेस मिळतात, आणि काही कोच मनापासून कॉलेजांना फोन करतात. पण 'माझा मुलगा ज्युनियर खेळतो' एवढं सांगता यावं म्हणून जे आईबाप पैसे मोजतात, त्यांना मी आपल्याकडच्या मॅनेजमेंट कोट्याची आठवण करून देतो. सीट मिळते. पुढं काय मिळेल, ते सीट सांगत नाही.

कॅम्पचं आमंत्रण आलं की हुरळून जायचं नाही. ते पत्र शेकडो पोरांना गेलेलं असतं आणि कॅम्पची फी हे संघाच्या कमाईचं एक साधन असतं. ड्राफ्टमध्ये नाव आलं तरी संघाला फक्त हक्क मिळतो. जागा कॅम्पमध्ये कमवावी लागते, आणि नोव्हेंबरात पोराला दुसऱ्या संघाकडे ट्रेडही केलं जाऊ शकतं. सतरा वर्षांच्या पोराला एका संध्याकाळी बॅग भरून दुसऱ्या राज्यात जायला सांगतात, आणि ते जातं. फी भरली असेल तर अशा वेळी तिचं काय होतं, हे करारात लिहून घ्या. कोचला मोघम विचारू नकोस. गेल्या वर्षीच्या पोरांपैकी कोण कोणत्या कॉलेजात गेलं, ते एनसीएएत गेलं की क्लबात, असं नावानिशी विचार. 'आमची पोरं कॉलेज हॉकीला जातात' या वाक्यात दोन्ही बसतात, हे विसरू नकोस. आणि संघानं दिलेल्या नंबरवर फोन न करता, मध्येच संघ सोडून गेलेल्या एखाद्या पोराच्या आईला शोधून काढून तिच्याशी बोल.

बिलेट घराचं मात्र भय बाळगू नकोस. ही माणसं बहुधा मायाळू असतात. पण पोरगं शाकाहारी असेल तर पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायचं. 'चिकन तरी खातो ना?' असं दुसऱ्या दिवशी विचारलं जाईलच. त्याला वरण-भाताचा कुकर लावता आला पाहिजे. हे स्केटिंगइतकंच आधी शिकव.

अभ्यासाची गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, म्हणून ही नीट वाच. एनसीएएच्या पहिल्या डिव्हिजनसाठी हायस्कूलचे सोळा ठरावीक कोअर कोर्स लागतात, आणि त्यातले दहा शेवटचं वर्ष सुरू व्हायच्या आत पूर्ण झालेले लागतात. त्या दहांतले सात इंग्रजी, गणित आणि विज्ञानाचे. कोअरची सरासरी किमान २.३. लोकांना वाटतं, हायस्कूलनंतर दोन वर्षं ज्युनियर खेळताना मार्क सुधारता येतील. येत नाहीत. वेळेवर हायस्कूल संपवलेल्या मुलाला नंतर फक्त एका जादा कोअर कोर्सची मुभा असते. म्हणजे नववी-दहावीचे मार्क एकोणिसाव्या वर्षी आडवे येऊ शकतात. शाळेच्या काउन्सेलरकडे याच महिन्यात जा.

तुमच्यासारख्यांसाठी आणखी एक, जे इथला गोरा कोच सांगू शकणार नाही. ग्रीन कार्डच्या रांगेत असाल आणि लेक एच-फोर व्हिसावर असेल, तर एकविसाव्या वाढदिवसाला ते स्टेटस संपतं. अठराव्या वर्षी शाळा संपवून विसाव्यापर्यंत ज्युनियर, मग कॉलेज, हा हॉकीचा नेहमीचा हिशेब. त्यात तुमची तारीख कुठं पडते ते आधी बघा. एफ-वन हा विद्यार्थी व्हिसा हवा तर पूर्णवेळ शिक्षण लागतं, नुसती हॉकी चालत नाही. वकिलाची एक फी आत्ता भरा.

एनसीएएकडेही गर्दी वाढली आहे. पूर्वी कॅनडातल्या ओएचएल, डब्ल्यूएचएल, क्यूएमजेएचएल या तीन मोठ्या लीगमध्ये खेळलेल्या पोराला व्यावसायिक धरून एनसीएएचं दार बंद व्हायचं. ऑगस्ट २०२५ पासून ते उघडलं. त्याच वर्षी डब्ल्यूएचएलमध्ये खेळणारा गॅव्हिन मॅकेना मेडिसिन हॅटचा संघ सोडून पेन स्टेटला आला. वर असे खेळाडू आले की मधले खाली सरकतात आणि त्यांच्याखालचे आणखी खाली. तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळाची शिष्यवृत्ती नसते, तरी तिथंही विशीतली, ज्युनियर खेळून आलेली पोरं असतात. तिथल्या छोट्या खासगी कॉलेजाची फी बघून मग ठरव.

आणि म्हणूनच क्लब. जावईबापूंनी त्याला तक्त्यात 'फॉलबॅक' लिहिलंय, ते खोडायला सांग. एसीएचए १९९१ मध्ये सुरू झाली. मुलांच्या तीन डिव्हिजन आणि मुलींच्या दोन. पेन स्टेट अनेक वर्षं याच संघटनेतला दादा संघ होता, २०१२ मध्ये तो एनसीएएत गेला. अॅरिझोना स्टेटनं २०१४ मध्ये एसीएचएचं विजेतेपद घेतलं आणि पुढच्याच वर्षी एनसीएएत उडी मारली. पहिल्या डिव्हिजनमधल्या काही संघांना पगारी कोच आहेत, भरगच्च प्रवास आहे. तिसऱ्या डिव्हिजनमध्ये एखादा संघ आठवड्यातून दोनदा रात्री साडेदहाला रिंकवर येतो, कारण त्याआधीचा सगळा बर्फ लहान मुलांच्या आईबापांनी बुक केलेला असतो. खेळाची शिष्यवृत्ती इथं सहसा मिळत नाही, उलट वर्गणी बहुतेक ठिकाणी पोरंच भरतात आणि बसचं भाडं, जर्सीची ऑर्डर, हिशेब हेही बरेचदा पोरंच सांभाळतात.

पण याचा फायदा बघ. कॉलेज अभ्यासाकडे बघून निवडता येतं. इंजिनिअरिंगला जायचं तर जिथं ते चांगलं आहे तिथं जायचं, आणि त्या विद्यापीठाचा क्लब आहे का एवढं बघायचं. एनसीएएचा संघ असलेल्या विद्यापीठांतही पुष्कळदा वेगळा क्लब असतो. अठराव्या वर्षी थेट जाता येतं, दोन वर्षं ज्युनियरमध्ये घालवावी लागत नाहीत. क्लबच्या कोचला मेल लेकानं स्वतः लिहायचा, तू नाही. कोणत्या डिव्हिजनचा संघ, ट्रायआउट कधी, वर्गणी किती, हे त्यानंच विचारायचं. आईचा मेल आला की कोच तो मोबाइलवर वाचतो आणि तिथंच सोडतो.

धाकटीचं गणित वेगळं आहे, तिच्यासाठी हा सगळा कागद वापरू नकोस. मुलींना मुलांसारखा ज्युनियरचा लांब फेरा नसतो. बहुतेकजणी हायस्कूल किंवा प्रेप स्कूल संपवून अठराव्या वर्षी थेट कॉलेजात जातात, त्यामुळे कोचचं लक्ष त्यांच्याकडे लवकर वळतं. ती आत्ता सातवीत आहे ना? मग पुढच्या वर्षीपासून तिच्या मॅचचे व्हिडिओ जपून ठेवायला लाग, आणि मुलींच्या हॉकीत बॉडी चेकिंग नाही म्हणून जावईबापूंनी निश्चिंत राहू नये. डोक्याला मार लागला तर त्या दिवशी पुन्हा बर्फावर उतरायचं नाही, कोच काहीही म्हणो.